निवड

“भाभी, वळखलं नाय का मला?” दुकानाची मालकीण काउंटरच्या मागून पुढं येत म्हणाली, आणि जहाँआराच्या तोंडून पटकन “नाही गं बाई” निघून गेलं. खरं तर काचेचं दार ढकलून आत पाऊल टाकतानाच तिनं तिला ओळखलं होतं. मालकीण तेव्हा पाठमोरी उभी होती, कामाच्या बाईला काचेची भांडी कशी पुसायची ते सांगत होती, आणि सांगताना तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित वर चढलेला होता. लहानग्या सफाला डाव्या कडेवर घेऊन उजव्या हातानं पाणी भरणाऱ्या पोरीचा खांदा होता तो. सव्वीस वर्षांत पोरीची बाई झाली, अंगानं भरली, चांगली साडी, मनगटाला घड्याळ, दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी, पण खांदा तसाच राहिला होता. पाटीवरचं नाव जहाँआरानं बाहेर वाचलं होतं. ‘आरती डेकोरेटर्स’. या नावाची दुकानं नारायणगावात चार असतील असं म्हणून ती आत शिरली होती. आता “नाही” म्हणून झाल्यावर तिला तिथंच थांबून ते परत घ्यावंसं वाटलं. पण बाहेर टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला ट्रक मागं घेताना कर्कश वाजत होता, आणि त्या आवाजात ती नुसतीच हसली.

“मी आरती. जानकूची आरती, घाटघरच्या अलीकडल्या वाडीतली,” ती म्हणाली. तिला वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. “तुमच्याकडं व्हते ना मी चौथीपासनं सातवीपर्यंत. हनीफशेठच्या वखारीमागं.”

“अय्या!” सफा फोनमधून मान वर काढून ओरडली. भावाच्या वलीम्यासाठी, निकाहनंतरच्या दावतीसाठी, ती पुण्याहून दोन दिवस आली होती, आणि टेबलाटेबलावर मधोमध काय ठेवायचं हे ठरवणं तिनं अंगावर घेतलं होतं. “म्हणजे तुम्हीच त्या आरती? अम्मी नेहमी सांगते तुमच्याबद्दल. मी म्हणे तुमच्याच कडेवर मोठी झाले. आमची अम्मी सगळ्यांना सांगते, जंगलातली पोर होती पण मी पोटच्या मुलीसारखी वाढवली म्हणून.”

जहाँआराला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. ती खरंच सांगत असे. बायका जमल्या, मोलकरणींची गाऱ्हाणी निघाली, की ती हळूच आरतीला बाहेर काढायची: आमच्याकडे एक पोर होती, तिचा बाप आमच्याकडे हिरडा घालायचा, तिच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतसुद्धा धड नव्हती, मी म्हटलं राहू दे आमच्याकडे. तिला चालत नाही म्हणून ती होती तोवर घरात मोठ्याचं मटण शिजवलं नाही, हे ती आवर्जून सांगायची. आणि ते खोटं नव्हतं. तिनं त्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या, तापात रात्री कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, ईदला सफाच्या फ्रॉकच्याच कापडातला फ्रॉक शिवला होता. ही सगळी खरी गोष्ट ती सांगायची आणि एका जागी येऊन थांबायची. इतकी वर्षं सांगून सांगून ती थांबायची जागा अशी गुळगुळीत झाली होती, की तिथून पुढं काही होतं हे तिचं तिलाच कधीकधी आठवत नसे.

“बसा ना भाभी. उन्हातनं आलाय,” आरतीनं खुर्ची ओढली, पाणी मागवलं. “कुणाचं लगीन म्हणायचं?”

“तन्वीरचं,” सफा म्हणाली. “निकाह मंचरला आहे, मुलीकडं. वलीमा इथं लॉन्सवर. चाळीस टेबलं आहेत, वीस बायकांकडं, वीस पुरुषांकडं.”

“तन्वीर!” आरतीनं दोन्ही हात छातीशी नेले. “आवं, त्याला तेल मी लावायचे. पंधरा दिवसांचा व्हता तवा माझंच बोट धरून झोपायचा. भाभींना उठायची परवानगी नव्हती ना.” मग तिनं कामाच्या बाईला हाक मारून मागच्या खोलीतून नमुने आणायला सांगितले. एकेक वस्तू गोल टेबलावर मांडली जाऊ लागली, आणि जहाँआरा त्या वस्तूंकडं अशी बघत राहिली जशी माणसं दवाखान्यात भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत राहतात. काचेची उंच नळी, तिच्यात पांढऱ्या जरबेराची सात फुलं. पितळी जाळीचा कंदील, आत मेणबत्ती. बसकं काचेचं भांडं, त्यात पाणी, पाण्यावर तरंगणारे दिवे आणि गुलाबाच्या पाकळ्या. आरती त्या भांड्यातलं पाणी बोटानं हलवून दाखवत होती. बोटांना काटे टोचल्याच्या बारीक खुणा होत्या. ही बोटं तेव्हा हिरड्यानं काळी पडलेली असायची. वखारीत वाळत घातलेला बाळहिरडा निवडायला शाळेतून आल्यावर ती बसायची, कुणी सांगितलं नसताना, आणि निवडताना पाढे म्हणायची. एकोणतिसाचा पाढा. जहाँआरा आतल्या खोलीत पलंगावर पडून ऐकायची. एकोणतीस साते दोनशे तीन. त्या वर्षी तिला पलंगावरून उतरायची मनाई होती. सफानंतर दोनदा पोट रिकामं झालं होतं आणि तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईनं बोट उगारून सांगितलं होतं, की पाचव्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत आडवं राहायचं, नाहीतर हेही जाईल. सासू नव्हती, नणंद नव्हती, घोडेगावच्या माहेरी आई स्वतः आजारी. हनीफ दिवसदिवस खरेदीला डोंगरात. मग घरात कोण होतं? अकरा वर्षांची एक पोर होती. ती पाणी भरायची, चहा करायची, सफाचं करायची, भांडं आणून द्यायची आणि तेच नेऊन टाकायची, तोंड वाकडं न करता. आणि मग शाळेत जायची.

“उंच नको,” सफा म्हणत होती. “समोर बसलेलं माणूस दिसत नाही.”

“उंचच बरं,” जहाँआरा म्हणाली. टेबलापलीकडं आरती बसली होती आणि मध्ये ती नळी होती. पांढऱ्या फुलांच्या देठांमधून आरतीचा चेहरा तुकड्यातुकड्यानं दिसत होता. तेवढाच सोसत होता.

“अम्मी, जेवताना माणसं बोलणार कशी?”

“जेवायला येतात. बोलायला कशाला?” हे ती जरा जोरात बोलली असावी, कारण सफानं चमकून पाहिलं.

आरतीनं समजूतदारपणे नळी बाजूला सरकवली. “ताईंचं बरोबर हाय, भाभी. समद्या टेबलांचा मी हिशेबच तसा धरते. बसल्यावर माणसाच्या हनुवटीच्या खाली राहिलं पायजे, नायतर लई उंच तरी पायजे. मधलंच वाईट.” मग ती हसून सफाला म्हणाली, “गणितात मी हुशार व्हते बरं का. भाभींना इचारा. मास्तरांनी मला त्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं व्हतं, पाचवीत. अख्ख्या तालुक्यातनं पोरं व्हती. मास्तर म्हणायचे, आरती, तुझं नाव लागणार म्हणजे लागणार. आबानं तर ट्रंक बी घेऊन ठेवली व्हती, पत्र्याची. आणि नाव काय आलं नाय!”

“अरेरे,” सफा म्हणाली.

“काय अरेरे? चालायचंच. लई दिवस वाट बघितली. कागद यायचा तो तुमच्या पत्त्यावर यायचा व्हता ना, आमच्या वाडीत टपाल कुठलं. मग आबा म्हणला, जाऊ दे, आपल्या रक्तात नसतंय ते. तवापास्नं मी त्या वाटेला गेलेच नाय. सातवी झाली, घरी गेले, लगीन झालं. ह्यांचा टेम्पो व्हता मांडवाच्या सामानाचा, त्यात मी फुलं वळायला लागले, थर्माकोलची अक्षरं कापायला लागले. चाललंय बरं.” तिनं टेबलावर पडलेली पाकळी उचलून पुन्हा पाण्यात सोडली. “आता पोरगी हाय सहावीला, प्रतिभा. मास्तर तिला बी म्हणतात, अमुक परीक्षेला बस, तमुकला बस. मी तिला सांगते, बाई, हुशारी आपल्या घरात नाय, आपल्याला नुसती मेहनत हाय. उगी आशा लावून घ्यायची नाय. ते लई लागतं मग.”

ती हे हसत हसत सांगत होती. त्यात टोमणा नव्हता. असता तर जहाँआराला बरं वाटलं असतं. तिनं आरतीच्या चेहऱ्यावर नजर फिरवून पाहिली, कुठंतरी संशयाची बारीकशी कणी सापडेल म्हणून. नव्हती. उलट त्या दोघी निघताना आरतीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, की बसकी भांडीच ठरवूया, पण त्यात दुकानातलं ठरलेलं काही नको, तन्वीरसाठी ती स्वतःच्या हातानं चाळीसच्या चाळीस करील, आणि त्याबद्दल भाभींनी काही बोलायचं नाही. “मी तुमच्या घरचं जेवलेय. मला मावशी समजा त्याची.” सफाच्या डोळ्यांत पाणी आलं. जहाँआरा “नको, नको” म्हणत राहिली. इतक्या वेळा म्हणाली, की ते शिष्टाचाराचं वाटेनासं झालं, आणि सफानं तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

जुन्नरला परतताना गाडी सफा चालवत होती आणि शेजारी जहाँआरा डोळे मिटून बसली होती. मिटल्या डोळ्यांपुढं पोस्टमन उभा होता. जूनची दुपार होती. त्यानं खिडकीतूनच पाकीट आत दिलं, कारण दार उघडायला घरात कुणी नव्हतं. तपकिरी पाकीट, त्यावर टाइप केलेला पत्ता, ‘द्वारा महंमद हनीफ’. तिनं ते आडवं पडूनच उघडलं. शाळेत ती सातवीपर्यंत मराठीतूनच शिकली होती, तिला वाचायला वेळ लागला नाही. वाचल्यावर पहिल्यांदा तिला आनंदच झाला, हे तिला नीट आठवत होतं. तिनं उशीवरून मान उचलून “आरती!” अशी हाकसुद्धा मारली होती. पोर नळावर होती, तिला ऐकू गेलं नाही. आणि ती पाण्याची कळशी घेऊन येईपर्यंतच्या त्या चार-पाच मिनिटांत जहाँआरानं पत्रातली तारीख पाहिली. जुलैच्या पाच तारखेपर्यंत पालकांसह हजर राहावे. पोटातल्या जिवाला तेव्हा सातवा महिना होता. पाच जुलैनंतर भांडं कोण उचलणार होतं? पाणी कोण भरणार होतं? पोर दारात येऊन म्हणाली, “भाभी, हाक मारली का?” तेव्हा पाकीट गादीखाली गेलेलं होतं, आणि जहाँआरा म्हणाली होती, “पाणी दे जरा.”

तेव्हा तिनं ठरवलं असं काही नव्हतंच. उद्या देऊ, हनीफ आला की त्याला देऊ, रविवारी बाजाराला जानकू येईल त्याच्याच हातात देऊ. पाकीट गादीखालून निघून पलंगाखालच्या ट्रंकेत, तिच्या निकाहच्या घागऱ्याखाली गेलं. रविवारी जानकू आला. हिरड्याचं पोतं वखारीत टाकून तो आतल्या दाराशी उकिडवा बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, “भाभी, पोरीचा कागद आला का वो काय?” ती आतून म्हणाली, “नाही, जानकूभाऊ.” पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा विचारलं. त्या वेळी त्यानं तिच्यासाठी डोंगरातली करवंदं आणली होती, पानाच्या द्रोणात, बाळंतीण होणाऱ्या बाईला आंबट खावंसं वाटतं म्हणून. तिनं करवंदं घेतली आणि पुन्हा नाही म्हणाली. त्यानंतर पाच तारीख गेली. मग पाऊस, मग ऑगस्टअखेर तन्वीर. चाळिसावं न्हाणं झालं त्या दिवशी तिनं ट्रंक उघडली, पाकीट काढलं आणि न्हाणीघरातल्या बंबात घातलं. भिंतीपलीकडं आरती बाळाला मांडीवर घेऊन हलवत होती. पाढेच म्हणत होती, अंगाईसारखे.

घरी आल्यावर सफानं बापाला सगळं सांगितलं. महंमद हनीफ आता वखारीत फारसा बसत नसे, गुडघे गेले होते, पण जानकूचं नाव ऐकून तो सरळ होऊन बसला. “जानकूची पोर? स्वतःचं दुकान? बघ जहाँआरा, आपल्या घराची बरकत. तू तिच्यासाठी कमी केलंस का?” तो खरोखरच अभिमानानं बोलत होता. जहाँआरा ताट वाढत होती. भाजीचा डाव तिच्या हातात होता आणि तिला एकदम असं वाटलं, की या घरात तिच्याबद्दल जे जे चांगलं बोललं जातं त्याच्या तळाशी ते तपकिरी पाकीट आहे. ती म्हणाली, “मी काही केलं नाही.” हनीफ म्हणाला, “हेच तर. बोलून दाखवत नाहीस तू.”

मग संध्याकाळभर तिनं स्वतःची बाजू मांडून पाहिली. तन्वीर गेला असता तर? डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्याच होत्या. एका बाजूला जीव आणि दुसऱ्या बाजूला शाळा. पण ही बाजू कितीही नीट मांडली तरी शेवटी त्यातून करवंदांचा द्रोण बाहेर यायचा. तिनं विचारायला काय हरकत होती? जानकूला सांगितलं असतं, की भाऊ, कागद आला आहे, पण माझी अशी अवस्था आहे, एखादी बाई बघून द्या वाडीतली. त्यानं आणली असती. स्वतःची बायको आणून ठेवली असती त्यानं. सव्वीस वर्षांत हा साधा उपाय तिला सुचला नव्हता, की सुचूनही तिनं दारातच उभा ठेवला होता? आणि पुन्हा पुन्हा तिच्या कानात आरतीचं ते हसत बोललेलं येत होतं, हुशारी आपल्या घरात नाय. ते आता आरतीपाशी थांबलेलं नव्हतं. सहावीतल्या एका पोरीला रोज सकाळी वेणी घालताना ते सांगितलं जात होतं. ते पाकीट आता जहाँआराचं एकटीचं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सफा झोपलेली असतानाच ती घरातून निघाली. पाकळ्यांचा रंग बदलायचा आहे, असं हनीफला म्हणाली. गाडीनं जा, नाहीतर फोनवर सांग, हे त्यानं म्हणायच्या आत ती स्टँडवर जाऊन वडापच्या जीपमध्ये बसलीसुद्धा. जीपमध्ये दोन्ही बाजूंनी माणसं होती, पायांत मेथीच्या जुड्यांचं गाठोडं होतं. इतक्या दाटीतही तिला थंडी वाजत होती. काय बोलायचं ते तिनं मनात पाठ केलं, आणि नारायणगाव येईपर्यंत ते सगळं विसरून गेली.

दुकानात आरती एकटीच होती. रामनाथ, तिचा नवरा, टेम्पो घेऊन पिंपरी पेंढारला मांडव सोडायला गेला होता. ती खाली सतरंजीवर बसून फुलांच्या देठांना हिरवी चिकटपट्टी गुंडाळत होती. “आल्या व्हय भाभी! एकट्याच? ताई कुठंय?”

“तिला ठाऊक नाही मी आलेय,” जहाँआरा म्हणाली आणि खुर्चीवर न बसता तिच्यासमोर सतरंजीवरच बसली. तिच्या वयाला आणि गुडघ्यांना ते अवघड गेलं. आरती “आवं, आवं” करत उठायला लागली. जहाँआरानं तिचा हात धरून खाली बसवलं. “काल मी तुला ओळखलं होतं. दारातूनच.”

“मला वाटलंच,” आरती हसली. “मग नाय का म्हणलात?”

“तो कागद आला होता, आरती.”

“कसला कागद?”

“तुझ्या शाळेचा. त्या परीक्षेचा. आमच्या पत्त्यावर आला होता.” इथवर ती आली आणि पुढं एक पायरी होती, ती तिला दिसत होती, तरी पाय दुसरीकडंच पडला. “तो हरवला.”

आरतीच्या हातातली चिकटपट्टी थांबली. “हरवला व्हय,” ती म्हणाली. “आसं झालं तर. तुमी तवा अंथरुणाला खिळलेल्या, शेठ घरी नाय. तुमाला सोताची शुद्ध कुठं व्हती. जाऊ द्या भाभी. एवढ्यासाठी आलात व्हय जुन्नरवरनं? तोंड बघा कसं झालंय.” ती उठली आणि माठातलं पाणी घेऊन आली.

पाण्याचा पेला हातात घेऊन जहाँआरा बसली. आणि क्षणभर, एक क्षणभरच, तिला खरंच हलकं वाटलं. संपलं की. सांगून झालं, माफही झालं. आता उठायचं, जीप पकडायची. वलीम्यात आरती तन्वीरची मावशी म्हणून मिरवेल आणि सगळं गोड होईल. तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला. तो घोट गळ्याखाली उतरत असतानाच तिला स्वतःची अशी किळस आली, की पेला तिला दोन्ही हातांनी खाली ठेवावा लागला. त्या सव्वीस वर्षांतली कुठलीच गोष्ट, ती बंबातली आगसुद्धा, तिला या घोटाइतकी लाजिरवाणी वाटली नव्हती.

“हरवला नव्हता,” ती म्हणाली. “मी ठेवला होता. ट्रंकेत, माझ्या कपड्यांखाली. तारीख निघून जाईपर्यंत ठेवला. मग जाळला.”

“जाणून?”

“जाणून. तू गेली असतीस तर माझं करणारं कुणी नव्हतं.”

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली. तिचा चेहरा बाईचा राहिला नव्हता. त्यात खालून दुसरा चेहरा वर आला होता, कळशी घेऊन दारात उभा असलेला. “आबा इचारायचा तुमाला,” ती म्हणाली.

“दोनदा विचारलं त्यानं. मी दोन्ही वेळा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.”

“काय लिवलं व्हतं त्यात?”

जहाँआराला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, बाहेर हो म्हणेल. हे विचारील असं वाटलं नव्हतं. पण उत्तर तिला पाठ होतं. इतकं कुठलंच पाठ नव्हतं. “कुमारी आरती जानकू, असं नाव होतं. खाली, परीक्षेच्या गुणवत्तेनुसार आपली निवड झाली आहे, असं.”

“निवड झाली आहे. आसंच?”

“असंच.”

“वेटिंगला नाय?”

“नाही. पहिल्याच यादीत. तालुक्यात तिसरी होतीस.”

“तिसरी,” आरती म्हणाली. तिनं ते पुन्हा एकदा ओठांतल्या ओठांत म्हटलं. मग चिकटपट्टीचं रीळ बाजूला ठेवून हात पदराला पुसले, हळूहळू, एकेक बोट. “तन्वीरची टेबलं ठरल्यासारखी व्हतील, भाभी. त्यात त्या लेकराचा काय दोष नाय. पण मी मांडायला येणार नाय, ह्यांना पाठवीन. आणि एक करा. मी तुमच्या घरातली व्हते, पोटच्या पोरीसारखी व्हते, आसं परत कुणाला सांगत जाऊ नका.”

“नाही सांगणार.”

आरतीनं कमरेचा फोन काढला. आबाचा नंबर लावला. पलीकडं बराच वेळ वाजत राहिलं. वाडीत रेंज टेकाडावर चढल्याशिवाय येत नसे, आणि म्हातारा सकाळी गुरं घेऊन टेकाडावरच असायचा. शेवटी त्यानं उचलला. आवाज एवढा मोठा होता की जहाँआरालाही सगळं ऐकू येत होतं, मागचा वारासुद्धा.

“आबा, ऐकू येतंय का? मी पास झाले व्हते.”

“कशात गं?”

“पाचवीत. निवासी शाळेच्या परीक्षेत. तालुक्यात तिसरी आले व्हते मी.”

म्हाताऱ्याचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. “तिसरी व्हतीस तू?”

“व्हय आबा.”

“आन म्या तुला म्हणलं, आपल्या रक्तात नाय.” तो म्हणाला. “मास्तराला बी लई बोललो व्हतो म्या, भर बाजारात. मेला बिचारा. मग सांगाया कसं आलं नाय कोण?”

आरतीनं फोन कानापासून काढला आणि जहाँआरापुढं धरला. “मी नाय सांगणार,” ती म्हणाली. “त्यानं तुमाला इचारलं व्हतं.”

फोन गरम होता. जहाँआरानं तो दोन्ही हातांनी धरला. “जानकूभाऊ,” ती म्हणाली, “मी जहाँआरा बोलतेय. जुन्नरची.”

“भाभी!” म्हातारा एकदम खुलला. “कशा हायसा? लई वर्सांनी आवाज ऐकला. शेठ कसं हायेत? आन तन्वीरचं लगीन हाय म्हणं, आरती काल सांगत व्हती. येणार बरं का म्या. त्याला मांडीवर घेतलाय म्या...”

आरती सतरंजीवर बसून समोर बघत होती. तिच्याकडं नाही, दाराकडं. जहाँआरानं त्याला बोलून घेऊ दिलं. तो दम घ्यायला थांबेपर्यंत ती थांबली.

“जानकूभाऊ,” ती म्हणाली, “तुम्ही मला दोनदा विचारलं होतं, कागद आला का म्हणून. दोन्ही वेळा तो माझ्यापाशीच होता.”